ऑलिव्हिनेश्वराचे अग्निस्नान

धुऱ्यावर उभं राहायला जागा नव्हती. बेहडाटोल्याची वस्ती जेमतेम तीनशे, पण त्या गुरुवारी सकाळी चंद्रभागाबाईच्या बांधीभोवती निदान पाचशे माणसं होती आणि एकोडीकडून अजून येतच होती. बांधी म्हणजे आमच्याकडचं चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेलं धानाचं वावर. तिच्या मधोमध, चिखलात, नारळाएवढा एक काळा गोटा बसला होता. अंगानं ओबडधोबड, दिसायला लोखंडी, आणि जागोजाग हिरवे खडे चमकणारा. त्याहून मोठी गंमत म्हणजे त्याच्या अंगातून लाल पाणी पाझरत होतं.

"देव रडून राहिला जी," रंभाबाई पदर डोळ्यांना लावत म्हणाली. आमच्या टोल्यात रोवणा करणाऱ्या बारा बायांची ती मुख्य. ती रडली की उरलेल्या अकराही रडत, तशा त्या रडल्या.

गोट्याशेजारी पाटावर अंतराळानंद महाराज बसले होते. महिन्याभरापूर्वी लाखांदूरच्या एस.टी.तून पत्र्याची पेटी घेऊन उतरलेला हा माणूस तोवर हात पाहून पोट भरत होता. एका रात्रीत त्याला बढती मिळाली होती, आणि ती दिली होती अमेरिकेच्या स्कायलॅबनं. १९७९ सालचा तो जुलै ज्यांना आठवतो त्यांना सांगायला नको. सत्तरेक टनांचं ते अंतराळस्थानक आभाळातून कोसळणार, कुठे ते कुणालाच ठाऊक नाही, असं रेडिओ रोज ऐकवत होता. आमचे लोक आठवडाभर खाटेवर न झोपता खाटेखाली झोपत होते. सुंभाच्या विणकामावर एवढा भरवसा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. बुधवारी रात्री स्कायलॅब एकदाची तिकडे ऑस्ट्रेलियात पडली, आणि गुरुवारी सकाळी हा गोटा उगवला.

"भक्तहो," महाराज म्हणाले, "ती स्कायलॅब नावाची राक्षसीण कुठे निघाली होती? ऑस्ट्रेलिया? नही बेटा. सीधी बेहडाटोला. ह्या देवानं वरच्या वर तिला खांदा मारला अन् तिकडे लोटलं. त्या धक्क्यात देव स्वतः खाली आले. खांद्याला लागलं, म्हणून हे रक्त."

लोकांनी हात जोडले. चंद्रभागाबाईनं मात्र हात कमरेवरून काढले नाहीत. नवरा गेल्यावर तिच्याकडे उरलेली ही एकच बांधी, सडकेला लागून असलेली, आणि वर्षाचा भात तिच्यातूनच निघायचा.

"महाराज, काल तं रातभर आभाळ भरून होतं," ती म्हणाली. "देव पडताना तुमाले दिसला कसा?"

"बाई, या कातडीच्या डोळ्यांनी पाहिलं असं मी म्हटलं का?"

लोकांना हे उत्तर फार आवडलं. महाराजांनी तेवढ्यात आज्ञाही करून टाकली. चाळीस दिवस या बांधीत कुणी पाय टाकायचा नाही. दर्शन पाच हातांवरून. नांगर, रोवणा, सगळं बंद.

ही आज्ञा काय होती ते शेती न करणाऱ्यांसाठी सांगतो. आमच्याकडे धान आधी एका कोपऱ्यात दाट पेरतात. त्या रोपांना परे म्हणतात. परे वीस-पंचवीस दिवसांचे झाले की उपटून चिखल केलेल्या बांधीत रोवायचे, तो रोवणा. उशीर झाला की ते म्हातारे होतात, मग त्यांना फुटवा येत नाही. चंद्रभागाबाईचे परे त्या दिवशी वीस दिवसांचे होते. पाऊसही त्या साली हात आखडून होता, त्यामुळे बोडीतलं, म्हणजे शेताला पाणी देणाऱ्या लहान तळ्यातलं, पाणी किती पुरेल याची खात्री नव्हती. चाळीस दिवस थांबणं म्हणजे ते साल सोडून देणं.

भैय्याजी सरपंचांनी तिची समजूत काढली. एस.टी.च्या थांब्यावर त्यांचं किराण्याचं आणि गोळी सोड्याचं दुकान होतं, आणि महाराजांचे ते पहिले भक्त होते. "चंद्रभागे, देवाच्या जागेत आता धान काय लावतं? संस्थानले दान करून टाक. मंदिराच्या पायरीवर तुहं नाव कोरू."

"पायरी खाऊ का मी?" ती म्हणाली.

रंभाबाईकडे गेली तर तीही नाहीच म्हणाली. "माय, तुह्या बांधीत पाय टाकला अन् आमच्या लेकराबाळाले काही झालं तं?" मग चंद्रभागाबाई माझ्याकडे आली. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. गावात बी.एस्सी. झालेला मी एकटाच, आणि ही गोष्ट गाव विसरू नये याची मी पुरेशी काळजी घेत असे.

"गुरुजी, तुमी येऊन तेवढं सांगा का हा देव नाही म्हणून," ती म्हणाली. "तुमचं ऐकतील."

मी गेलो. आणि इथून पुढे मी जे केलं ते आजही सांगताना कान गरम होतात. मी तो गोटा पाच हातांवरून पाहिला आणि हरखलो. शिक्षकांच्या सहलीत मी कलकत्त्याच्या संग्रहालयात काचेमागे एक उल्का पाहिली होती: अर्धं लोखंड, अर्धा दगड, चकचकीत धातूत मधाळ हिरवे स्फटिक रोवलेले. पॅलासाइट म्हणतात तिला. फार दुर्मिळ. माझ्या मनात आलं, तीच जर आमच्या टोल्यात पडली असेल, तर शोधणाऱ्याचं नाव पेपरात येईल. देव नाही हे सांगायला गेलेला मी, धुऱ्यावर उभा राहून पाऊण तास भाषण देऊन आलो.

"मंडळी, साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी काही लहान ग्रह आतून वितळले," मी म्हणालो. "जड लोखंड बुडाशी गेलं, हलका दगड वर राहिला. खिचडीच्या पातेल्यात बुडाशी खरवड धरते, धड खिचडी नाही अन् धड पातेलं नाही, तशी त्या दोघांच्या शिवेवर सरमिसळ झाली. पातळ लोखंडात हिरव्या ऑलिव्हिनचे स्फटिक अडकले. लोखंड पातळ होतं तेव्हाही ते वितळले नाहीत, एवढे ते चिवट. मग हे सगळं निवत गेलं, इतकं सावकाश की एक अंश उतरायला लाखो वर्षं. पुढे टक्कर होऊन तो ग्रहच फुटला, आणि शिवेवरचे तुकडे भटकत भटकत कधीतरी पृथ्वीवर पडले. सरमिसळ नेमकी कशी झाली यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. पण आपल्या पृथ्वीच्या पोटात कुणी उतरू शकत नाही, म्हणून तिथे काय असेल ते असल्या दगडांवरून ताडतात. लोखंडात निकेल किती, स्फटिक केवढा, त्यावरून तो कुठे जन्मला अन् किती सावकाश निवला ते कळतं."

मला वाटलं, मी विज्ञान शिकवलं. महाराज डोळे मिटून ऐकत होते. शेवटी त्यांनी उठून माझ्या गळ्यात हार घातला.

दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर रंगवलेली पाटी उभी राहिली: "श्री ऑलिव्हिनेश्वर देवस्थान. स्थापना साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी. शास्त्रमान्य." आणि खाली बारीक अक्षरांत, "प्रमाण: घनश्याम गुरुजी, बी.एस्सी." संध्याकाळी आरतीही तयार होती.

जय जय ऑलिव्हिनेश्वरा, निकेल-लोह-धरा,
स्कायलॅबासुर लोटुनि तारिसि बेहडाटोला सारा.

चंद्रभागाबाई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. "गुरुजी, मी तुमाले देव काढाले बलावलं होतं. तुमी तं त्याचं बारसं करून आले."

मी खडू घेऊन फळ्याकडे वळलो.

त्या आरतीचा पहिला मान, शास्त्रमान्य पुरुष म्हणून, माझा होता. निरांजन घेऊन मी प्रथमच गोट्याच्या जवळ गेलो. ज्योतीच्या उजेडात सगळ्यात मोठ्या खड्यात, ज्याला महाराज ब्रह्ममणी म्हणत, मला एक बुडबुडा दिसला. मग दुसरा, मग चांगली रांगच. लाखो वर्षं सावकाश निवणाऱ्या स्फटिकात असे हवेचे बुडबुडे नसतात. ते घाईनं निवलेल्या काचेत असतात. मी धातूकडे पाहिलं, तर तिथेही भोकं आणि भोकं. आभाळातून जळत आलेल्या उल्केवर पातळ काळी साल असते, तीही नव्हती. भोवतालच्या चिखलात खड्डाही नव्हता. गोटा कुणीतरी पाटावर ठेवावा तसा ठेवलेला होता. हे सगळं पहिल्या दिवशी दिसण्यासारखं होतं, मी फक्त पाच हात पुढे जायला हवं होतं.

आरती अर्धी सोडून मी ओरडून सांगितलं की ही काच आहे.

"गुरुजी, काल तं तुमीच सांगतलं," भैय्याजी म्हणाले.

"मी चुकलो होतो."

"नाही जी. काल तुमच्या आंगात देवाचं ज्ञान आलं होतं. आता उतरलं," रंभाबाई समजुतीनं म्हणाली. लोकांना ते पटलं. महाराजांनी माझ्यावर पाणी शिंपडलं.

मी हट्टाला पेटलो. देवाच्या रडण्याचा उलगडा सोपा होता. महाराज रोज संध्याकाळी गोट्याला 'समुद्रस्नान' घालत, म्हणजे मिठाच्या पाण्यानं धूत. लोखंड, मीठ आणि पावसाळ्यातली दमट हवा एकत्र आली की लाल गंजाचे थेंब सुटणारच. मी नत्थू लोहाराकडून नांगराचा एक फाळ आणला, घासला, मिठाच्या पाण्यात बुचकळला आणि ओल्या पोत्याखाली ठेवला. एक दिवसानं फाळावर लाल थेंब उभे राहिले. मी तो सगळ्या गावासमोर धरला आणि म्हणालो, "पाहा, हाही रडतो. हा देव आहे का?"

मग भैय्याजींनी फाळापुढे लोटांगण घातलं.

"देवानं अंश दिला," महाराज पाटावरून म्हणाले. "लहान भाऊ प्रकट झाले." फाळाला हार पडला, शेंदूर लागला, आणि तो गोट्याशेजारी जाऊन बसला. नत्थू दोन दिवस माझ्या मागे फिरत होता. "गुरुजी, माहा फाळ देऊन द्या जी. ज्याचा आहे तो शिव्या देऊन राहिला, त्याचा नांगर उभा आहे." मी त्याला काय सांगणार? त्याच्या गिऱ्हाईकाचा फाळ आता देवस्थानच्या मालकीचा होता.

परे पिवळे पडू लागले. सव्वीस दिवसांचे झाले होते. बोडीतलं पाणीही खाली चाललं होतं. माझ्या डोक्यात आता काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी त्या बांधीकडे जाणंच टाळू लागलो होतो.

सातव्या दिवशी सकाळच्या आरतीला चंद्रभागाबाई नारळ घेऊन आली. येताना मलाही सोबत ओढून आणलं होतं. धुऱ्यावर डोकं टेकवलं. महाराज खूश झाले. हट्टी बाई वळली म्हणजे बांधीही वळलीच असं त्यांना वाटलं असणार.

"महाराज, देव अग्नीतून आले म्हणता न?" तिनं विचारलं.

"ब्रह्मांडाच्या अग्नीतून, बाई. लोखंडाचं पाणी पाणी झालं, पण हा मणी वितळला नाही. शास्त्रात लिहिलं आहे. विचार मास्तरांना."

"हो," मी म्हणालो. मला अजूनही कळलं नव्हतं ती कुठे निघाली आहे ते.

"तं मंग देवाले थंडी वाजत असल जी," ती म्हणाली. "आगीत राहणारा देव सात दिवस झाले चिखलात बसून आहे. म्हणूनच रडते. नत्थूच्या भट्टीत एकदा अग्निस्नान घालून देऊ. बरं वाटल त्याले."

बायांमधून हळहळ उठली. खरंच की, कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. रंभाबाई म्हणाली, "अवं माय, खरंच थंडी भरली असल."

"कलियुगातला अग्नी अशुद्ध असतो," महाराज घाईनं म्हणाले.

"गोमूत्र शिंपडून शुद्ध करू जी," भैय्याजी म्हणाले. त्यांची भक्ती खरी होती, तिच्यात काही काळंबेरं नव्हतं.

"आज मुहूर्त नाही."

"आहे जी. दुकानातून पंचांग पाहूनच निघालो. दुपारपर्यंत चांगला आहे."

"देवाला हलवायचं नसतं."

"आमी खांद्यावर नेऊ. त्यानं आमच्यासाठी खांदा देला, आमी त्याले देऊ."

स्वतः रचलेलीच कथा त्यांना आता मागे हटू देत नव्हती. भैय्याजींनी गोटा उचलला, खांद्यावर घेतला, आणि मिरवणूक आरती म्हणत नत्थूच्या भट्टीकडे निघाली. महाराज मागे मागे येत होते. अंगारा आणतो म्हणून ते वाटेत वळले ते वळलेच.

नत्थूनं गोमूत्र शिंपडलेल्या कोळशावर गोटा ठेवला आणि भाता ओढायला लागला. पाचशे माणसं भोवती उभी होती. पहिल्यांदा धूर निघाला. लोक म्हणाले, देव प्रसन्न झाले. मग वास आला.

रंभाबाईनं नाक वर केलं. मनगटातल्या बांगड्यांकडे पाहिलं. पुन्हा नाक वर केलं. "थांबा जी," ती म्हणाली, "हा तं लाखेचा वास होय. बांगड्या बनवताना असाच येते."

आमच्या जिल्ह्यात पळसावरची लाख बायांना दुसऱ्या कुणी शिकवावी लागत नाही. सगळ्या बायांनी एकदम वास घेतला आणि सगळ्यांनी एकदम मान हलवली. गोट्याच्या अंगातून लाख वितळून टपकत होती. मग एक हिरवा खडा सुटून निखाऱ्यात पडला. मग दुसरा. देवाचे रत्नमणी बोराच्या झाडाखाली बोरं पडावीत तसे पडायला लागले. शेवटी ब्रह्ममणीही घसरला, आणि लाखेत दडलेली त्याची मागची बाजू वर आली. ती गोल होती, आणि मध्ये दाबून अरुंद केलेली होती.

भैय्याजी वाकले. "हे माह्या सोड्याच्या बाटलीचं नरडं होय," ते म्हणाले. "गोळी इथंच अडकते. तीन बाटल्या नेल्या होत्या महाराजानं. फुटल्या म्हणे."

नत्थूनं भाता सोडला नाही. भट्टी चांगली लाल झाल्यावर त्यानं सांडशीनं एक खडा उचलला. लोखंडाचं पाणी झालं तरी न वितळणारा तो मणी नत्थूच्या साध्या भट्टीत गुळाच्या पाकासारखा वाकला. दुसऱ्या चिमट्यानं धरून ओढल्यावर त्याची हातभर तार निघाली.

"गुरुजी, तुमचं ऑलिव्हिन असं निघते का जी?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "खरं ऑलिव्हिन असतं तर तुझा कोळसा संपला असता, पण ते मऊ पडलं नसतं. त्याला तुझ्या भट्टीपेक्षा कितीतरी जास्त आच लागते. साधी काच निम्म्या आचेतच लोळण घेते."

पहिली हसली ती रंभाबाई, आणि मग रिवाजाप्रमाणे उरलेल्या अकरा. नंतर भैय्याजीसुद्धा हसले, पण ते सगळ्यात शेवटी आणि थोडंसंच.

महाराजांची पेटी त्यांच्या खोलीत सापडली. आत पाच शेर मीठ, लाखेचे गोळे, बाटल्यांच्या काचा आणि कुठल्याशा लोखंडाच्या भट्टीतली जड, भोकाभोकांची मळी होती. एका ढेकळावर काचा चिकटवायचं काम अर्धं झालं होतं, म्हणजे पुढच्या गावाचा देव तयार होत होता. स्वतः महाराज लाखांदूरच्या एस.टी.त बसलेले दिसले. पाठलाग करायला कुणी गेलं नाही, कारण बाया तोवर बांधीत उतरल्या होत्या.

मीही उतरलो. कुणी सांगितलं नव्हतं, पण धुऱ्यावर उभं राहण्याची मला लाज वाटत होती. एका ठिकाणी दोन-तीन परे रोवायचे तर मी दहा-दहा रोवत होतो, आणि रंभाबाई मागून ते उपटून पुन्हा लावत होती. तेवढ्यात तिनं विचारलं, "गुरुजी, खरा तसा गोटा तुमी पायला का?"

"पाहिला. कलकत्त्याला. काचेमागे."

"हात लावला?"

"नाही."

"मंग थो बी सोड्याच्या बाटलीचा नसल कशावरून?"

वीस वर्षं शिकवतोय, हा प्रश्न वर्गात कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "मी हात लावला नाही, पण दुसऱ्यांनी लावला. त्यांनी तो कापला, घासला, आम्ल लावून पाहिला, तापवून पाहिला, आणि काय दिसलं ते लिहून ठेवलं. कुणाला पटलं नाही तर त्यानं पुन्हा करून पाहावं असंही लिहिलं. पटलं नाही म्हणून कितीक जणांनी पुन्हा केलं."

"म्हणजे ते भट्टीत घालाले नाही म्हणत नाहीत," ती म्हणाली.

"नाही म्हणत."

"मंग ठीक आहे," असं म्हणून तिनं माझे दहा परे पुन्हा उपटले.

त्या साली दिवाळीच्या आधीच बोडी आटली. धान दाण्यात येताना शेवटचे सात दिवस पाणी पुरलं नाही, आणि चंद्रभागाबाईच्या बांधीचा एक कोपरा पोचट निघाला. गावात तिनं कुणाकडे तक्रार केली नाही. मला मात्र बोलावून नेलं, एक लोंबी हातात दिली आणि म्हणाली, "दाबून पाहा गुरुजी." मी दाबली. आत काही नव्हतं. ते सात दिवस महाराजांनी खाल्ले तेवढेच माझ्या भाषणानंही खाल्ले होते.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं आहे. भगव्या कपड्यातला सांगो की बी.एस्सी. झालेला, जो माणूस तुम्हाला पाच हात लांब उभं करून खात्री देतो, त्याची खात्री घेऊ नका. जवळ जा. उचलून पाहा, घासून पाहा, तापवून पाहा, आणि जे दिसेल ते मोठ्यानं सांगा. खऱ्या गोष्टीचं त्यानं काही बिघडत नाही.